खाज थांबते, पण परत का येते?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कुत्र्यांच्या त्वचेविषयी आहेत आणि त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच आहे : उपचार चालू असेपर्यंत बरे वाटते आणि उपचार थांबला की सारे पुन्हा सुरू होते. म्हणून या वेळी संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांचे प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचा लॅब्राडॉर चार वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असल्यापासून तो पुढचे पंजे सतत चाटतो, त्याच्या बगलेत आणि पोटाखाली लाल चट्टे येतात आणि कान वरचेवर चिघळतात. इंजेक्शन दिले की दोन दिवसांत खाज थांबते, पण तीन-चार आठवड्यांत ती पूर्ववत होते. मधल्या काळात अँटिबायोटिकचे काही कोर्स झाले, शाम्पू बदलले, खाद्याचा ब्रँडही अनेकदा बदलून पाहिला. हा आजार मुळापासून जाईल असा काही उपचार आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातच एक फार उपयोगी माहिती आहे. ज्या इंजेक्शनने खाज दोन दिवसांत थांबते ते बहुधा स्टेरॉइडचे असते. स्टेरॉइड त्वचेचा दाह शमवते, परंतु पिसवा, किडे, जंतू, बुरशी किंवा ॲलर्जी यांपैकी कशालाही ते घालवत नाही. त्यामुळे औषधाचा अंमल ओसरला की खाज परतते, याचे कारण एवढेच की ती निर्माण करणारी गोष्ट जागच्या जागी आहे. पुढचे इंजेक्शन देण्यापूर्वी ती गोष्ट कोणती हे शोधले पाहिजे, आणि हा शोध क्रमानेच घ्यावा लागतो. खाद्य, शाम्पू आणि गोळ्या एकाच आठवड्यात बदलल्या तर कशाने गुण आला आणि कशाने नाही, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

सुरुवात पिसवांपासून करावी, त्या दिसत नसल्या तरीही. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते त्याला अगदी थोडे चावेही पुरतात, आणि असा कुत्रा स्वतःला इतके चाटतो व चावतो की अंगावर पिसू उरतच नाही. बारीक दातांच्या फणीने पाठ आणि शेपटीचे मूळ विंचरावे आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. त्यांच्याभोवती तांबूस रंग पसरला तर ती पचलेल्या रक्ताची, म्हणजेच पिसवांची विष्ठा होय. या ॲलर्जीत कंबर, शेपटीचे मूळ आणि मांड्यांच्या मागची बाजू अधिक खाजते. आपल्या कुत्र्याची खाज पंजे, बगला आणि कान येथे आहे, म्हणून पिसवा हे मुख्य कारण असण्याची शक्यता कमी वाटते. तरीही ही पायरी वगळू नये, कारण एकाच कुत्र्याला दोन प्रकारच्या ॲलर्जी असणे नवलाचे नाही. प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या साधारण ५ टक्केच असतात; बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोश या रूपांत अंथरुणात, गालिच्यात आणि फटींत असतात. कोश फवारणीला दाद देत नाहीत आणि अनुकूल वेळ येईपर्यंत काही महिने तग धरू शकतात. म्हणून घरातील प्रत्येक कुत्र्याला आणि मांजराला किमान तीन महिने सलग पिसूनाशक द्यावे लागते. येथे एक इशारा महत्त्वाचा आहे : कुत्र्यांसाठीची परमेथ्रिन असलेली औषधे मांजरांना विषारी असतात, तेव्हा मांजरासाठी त्याचे वेगळेच औषध घ्यावे.

दुसरी पायरी संसर्गाची. खाजवलेल्या, चाटून ओल्या झालेल्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हे जिवाणू आणि मॅलॅसेझिया ही बुरशी वाढते. हे दोन्ही निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असतात. त्वचेचे संरक्षण ढासळले की ते बेसुमार वाढतात आणि मग त्यांची स्वतःची खाज मूळ खाजेत भर घालते. बारीक पुळ्या आणि कडेने पापुद्रा सुटलेली गोल वर्तुळे दिसली तर जिवाणूंचा संशय घ्यावा; तेलकटपणा, उग्र वास, बोटांच्या बेचक्यांतील तपकिरी डाग आणि कालांतराने जाड, काळी पडणारी कातडी असेल तर मॅलॅसेझियाचा. नेमके काय आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली काही मिनिटांत दिसते : चट्ट्यावर काचपट्टी दाबून किंवा पारदर्शक चिकटपट्टी लावून नमुना घेतात आणि रंगवून पाहतात. ही साधी तपासणी प्रत्येक भेटीत व्हावी असे माझे ठाम मत आहे, कारण पुष्कळ अँटिबायोटिक बुरशीच्या रोगावर वाया जातात. आपल्या कुत्र्याला अँटिबायोटिक अनेकदा देऊन झाले आहे. तेव्हा पुन्हा गरज पडली तर आधी कल्चर आणि औषधसंवेदनशीलता तपासणी, म्हणजे नमुन्यातील जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते हे पाहणारी तपासणी, करून घ्यावी. नेहमीच्या औषधांना न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस आता कुत्र्यांतही आढळतात. संसर्ग वरवरचा असेल तर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू किंवा फेस एवढ्यानेही तो बरा होऊ शकतो आणि पोटात औषध द्यावे लागत नाही.

पिसवा आणि संसर्ग दोन्ही आटोक्यात आल्यावर जी खाज उरते ती खरी मूळ खाज समजावी. ती आता अन्नाची ॲलर्जी किंवा वातावरणातील घटकांची ॲलर्जी, म्हणजे ॲटॉपी, यांपैकी एक किंवा दोन्ही असते. केवळ पाहून या दोहोंतील फरक सांगता येत नाही, आणि आपल्या पत्रातील ‘खाद्याचा ब्रँड अनेकदा बदलून पाहिला’ या वाक्यापाशी मला थांबावे लागते. ब्रँड बदलल्याने फारसे काही सिद्ध होत नाही, कारण निरनिराळ्या पिशव्यांत बहुधा तेच प्राणिज घटक असतात. कुत्र्यांमध्ये गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू यांची ॲलर्जी इतर घटकांपेक्षा अधिक आढळते. खरी चाचणी अशी की कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचे, किंवा प्रथिनांचे अतिशय बारीक तुकडे केलेले हायड्रोलाइज्ड खाद्य, किमान आठ आठवडे द्यायचे आणि त्याशिवाय काहीही द्यायचे नाही. बिस्कीट, चघळायचे हाड, स्वाद घातलेली जंताची गोळी, मांजराच्या वाटीतले उरलेले अन्न, घरातल्या मुलाने प्रेमाने भरवलेला घास, यांपैकी एकानेही चाचणी निरर्थक होऊ शकते. तेव्हा घरातील सर्वांची संमती घेऊनच ती सुरू करावी. आठ आठवड्यांत खाज स्पष्टपणे कमी झाली तर जुने अन्न पुन्हा द्यावे. ते दिल्यावर साधारण दोन आठवड्यांच्या आत खाज परतली आणि नवे खाद्य सुरू करताच पुन्हा ओसरली, तरच अन्नाची ॲलर्जी सिद्ध झाली. ही शेवटची पायरी अनेकांना क्रूर वाटते आणि ते ती टाळतात. परंतु ती केली नाही तर केवळ ऋतू पालटल्याने आलेला गुण खाद्याच्या नावावर जमा होतो आणि कुत्रा आयुष्यभर उगाच पथ्यावर राहतो.

खाद्याने फरक पडला नाही, तर आपल्या कुत्र्याला ॲटॉपी असण्याची शक्यता प्रबळ आहे. सहा महिने ते तीन वर्षे या वयातील सुरुवात, पुढचे पंजे, कान, बगल आणि पोट ही ठिकाणे, आणि स्टेरॉइडला मिळणारा प्रतिसाद, हे सारे त्या निदानाशी जुळते. आता आपल्या मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर देतो : ॲटॉपी मुळापासून जात नाही, ती ताब्यात ठेवावी लागते. तसे असले तरी दर महिन्याच्या स्टेरॉइडपेक्षा चांगले पर्याय आज उपलब्ध आहेत. ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या खाजेच्या संदेशवहनावर काम करतात आणि बहुधा पहिल्या दिवशीच फरक दाखवतात. एक वर्षाखालील कुत्र्यांना आणि गंभीर संसर्ग असलेल्यांना त्या देत नाहीत. लोकिवेटमॅब हे साधारण महिन्यातून एकदा द्यायचे इंजेक्शन आहे. खाजेचा संदेश वाहणारे इंटरल्यूकिन ३१ हे प्रथिन ते निष्प्रभ करते. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला उलट्या होऊ शकतात, पण दीर्घकाळ देण्यासाठी ते उपयोगी औषध आहे. ॲलर्जीच्या कारणावरच काम करणारा उपचार म्हणजे इम्युनोथेरपी : त्रास देणाऱ्या घटकांची अल्प मात्रा हळूहळू वाढवत देतात. तिचा निर्णय लागायला वर्षभरही लागते आणि ती प्रत्येकाला लागू पडत नाही. परंतु कुत्रा तरुण असेल तर मी ती सुचवतो, कारण पुढची सारी वर्षे त्याला औषधांवर काढायची असतात.

स्टेरॉइड वाईटच असते असे मी म्हणणार नाही. दाह भडकलेला असताना थोड्या दिवसांच्या गोळ्या योग्यच ठरतात. दीर्घकाळ अंमल टिकणारी इंजेक्शने मात्र परत काढून घेता येत नाहीत, आणि ती वारंवार दिल्यास तहान, लघवी आणि भूक वाढणे, कातडी पातळ होणे, स्नायू झडणे, मधुमेह आणि वारंवार संसर्ग हे परिणाम दिसू लागतात. आपल्या पशुवैद्यांशी याविषयी मोकळेपणाने बोलावे. परंतु सध्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत.

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या कानांचे काठ आणि पुढच्या पायांची कोपरे खपल्यांनी भरली आहेत आणि रात्रभर तो खाजवतो. त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत काहीच सापडले नाही, म्हणून ॲलर्जीची औषधे सुरू आहेत. पण आता माझ्या हातांवर आणि पोटावरही खाजरे पुरळ आले आहे. याचा परस्परसंबंध असेल का?

उत्तर : असण्याची दाट शक्यता आहे, आणि आपण ही बाब पशुवैद्यांना आजच सांगावी. कानांचे काठ, कोपरे आणि मागच्या पायांचे घोटे येथील खपल्या, असह्य खाज आणि घरातील माणसाला आलेले पुरळ हे चित्र सार्कॉप्टिस किड्याच्या खरजेचे आहे. हा किडा कातडीत बोगदे करून राहतो आणि संख्येने इतका कमी असू शकतो की अनेक ठिकाणी खरवडूनही तो हाती लागत नाही. म्हणून तपासणी निर्दोष आली तरी खरूज नाही असे त्यावरून ठरत नाही. संशय असेल तर खरजेवरील उपचारच करून पाहतात आणि प्रतिसादावरून निदान पक्के करतात. कानाची पाळी दोन बोटांत धरून काठ हळूच चोळला असता कुत्र्याचा मागचा पाय खाजवल्यासारखा हलू लागला, तर तेही या रोगाकडे बोट दाखवते.

उपचार अवघड नाही. आयसोक्साझोलिन गटातील गोळ्यांनी किंवा सेलामेक्टिनसारख्या मानेवर टाकायच्या औषधाने किडे मरतात. परंतु त्या कुत्र्याच्या सहवासातील प्रत्येक कुत्र्याला, खाज असो वा नसो, एकाच वेळी औषध द्यावे लागते. अंथरुण आणि पांघरुणे गरम पाण्यात धुवावीत. किडे मेल्यानंतरही त्यांच्या अवशेषांमुळे काही दिवस खाज राहते, तेव्हा आठवड्याभरात निराश होऊन औषध बदलू नये. कुत्र्यांचा हा किडा माणसाच्या त्वचेवर पिढ्या वाढवत नाही, त्यामुळे कुत्रा बरा झाला की आपले पुरळही बहुधा आपोआप जाईल. तरीही आपण त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि घरात आजारी कुत्रा आहे हे त्यांना सांगावे.

प्रश्न : आठ महिन्यांच्या पिल्लाच्या डोळ्यांभोवतीचे आणि पुढच्या पायांवरचे केस गेले आहेत. तपासणीत डेमोडेक्स किडे सापडले. इतर कुत्र्यांपासून त्याला दूर ठेवावे का? ओळखीच्या एका गृहस्थांनी गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन स्वस्त आणि गुणकारी असल्याचे सांगितले आहे.

उत्तर : दूर ठेवण्याची गरज नाही. डेमोडेक्स किडे केसांच्या मुळांशी राहतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते आईकडून पिल्लाकडे येतात. बहुतेक सर्व निरोगी कुत्र्यांच्या अंगावर ते थोड्या संख्येने असतातच. पिल्लाची प्रतिकारशक्ती त्यांना आवर घालू शकली नाही की केस गळतात. मोजकेच चट्टे असतील तर चांगला आहार, जंतनिर्मूलन आणि देखरेख एवढ्यावर बहुतेक पिल्ले काही आठवड्यांत बरी होतात. चट्टे पसरले, पंजे सुजले किंवा पू झाला तर मात्र रोग सर्वांगीण समजून औषध द्यावे लागते. अशा पिल्लाला स्टेरॉइड कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्याने किड्यांना रान मोकळे होते.

गुरांचे आयव्हरमेक्टिन आपण घरी देऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. ते गुरांच्या वजनाच्या हिशेबाने बनवलेले तीव्र द्रावण असते आणि पिल्लासाठी मोजताना झालेली छोटीशी चूकही मोठी ठरते. शिवाय कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरित संततीत एमडीआर-१ या जनुकातील बदलामुळे हे औषध मेंदूत शिरते. झोकांड्या जाणे, लाळ गळणे, आंधळेपणा आणि बेशुद्धी असा क्रम लागून कुत्रा दगावू शकतो. आज फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सॅरोलेनर आणि लॉटिलेनर ही आयसोक्साझोलिन गटातील औषधे डेमोडेक्सवर उत्तम काम करतात. त्यांचाही एक दोष सांगतो : काही कुत्र्यांना त्यांनी थरथर किंवा झटके येऊ शकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याविषयी सूचना दिली होती, म्हणून पिल्लाला पूर्वी कधी झटका आला असेल तर ते आधीच सांगावे. केस परत आले म्हणून औषध थांबवू नये. महिन्याच्या अंतराने घेतलेले लागोपाठ दोन नमुने किड्यांविना आले की मगच उपचार पूर्ण झाला असे मानतात. या कुत्र्याची प्रतिकारशक्तीतील उणीव आनुवंशिक असू शकते. रोग सर्वांगीण झाला असेल तर त्याच्यापासून पैदास करू नये.

प्रश्न : औषधी शाम्पू आठवड्यातून एकदा लावतो, पण उपयोग दिसत नाही. तेल लावल्याने कोरडेपणा कमी होईल का? आणि माणसांचा सौम्य शाम्पू चालेल का?

उत्तर : शाम्पूचा उपयोग न दिसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे तो त्वचेवर पुरेसा वेळ राहत नाही. क्लोरहेक्सिडिन असो वा त्याच्यासोबत मायकोनाझोल हे बुरशीनाशक असो, फेस झाल्यापासून घड्याळ लावून १० मिनिटे तो अंगावर राहू द्यावा लागतो, आणि सुरुवातीचे तीन-चार आठवडे तो आठवड्यातून दोनदा वापरावा लागतो. आधी सर्वांत खराब झालेल्या जागांवर, म्हणजे पंजांच्या बेचक्या, बगला, जांघा आणि मानेच्या घड्यांवर लावावा, म्हणजे शेवटी धुताना त्या जागांना आपोआप अधिक वेळ मिळतो. पाणी कोमट किंवा त्याहून थंड असावे. गरम पाण्याने खाज वाढते. नंतर भरपूर पाण्याने धुऊन अंग पूर्ण कोरडे करावे, कारण घड्यांत राहिलेला ओलावा बुरशीला पोसतो. मानेवर टाकायचे पिसूनाशक वापरत असाल तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ टाळावी.

कुत्र्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे थर माणसापेक्षा कमी असतात आणि तिची आम्लता माणसाच्या त्वचेपेक्षा कमी असते. म्हणून आपले शाम्पू, सौम्य म्हणून विकले जाणारेही, नियमित वापरासाठी योग्य नाहीत. तेलाने तात्पुरती चकाकी येते, परंतु मॅलॅसेझिया स्निग्ध पदार्थांवरच वाढते, त्यामुळे बुरशीचा संसर्ग असलेल्या कुत्र्याला तेल चोळणे हानिकारक ठरते. टी-ट्री तेल विषारी आहे. कोरडेपणावर पोटातून दिलेली ओमेगा-३ मेदाम्ले हा चांगला पूरक उपाय आहे; त्यांचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो आणि मग स्टेरॉइडची मात्रा काही अंशी कमी करता येते.

प्रश्न : नऊ वर्षांच्या कुत्रीच्या दोन्ही कुशींवरचे आणि शेपटीचे केस विरळ झाले आहेत. तिला खाज मुळीच नाही, पण वजन वाढले असून ती मलूल असते. मलम लावून पाहिले, फरक नाही.

उत्तर : मलमाने फरक पडणार नाही, कारण हा विकार त्वचेत उगम पावलेला दिसत नाही. खाजेविना, दोन्ही बाजूंना सारखीच होणारी केसगळती संप्रेरकांकडे निर्देश करते. वजन वाढणे, मलूलपणा आणि थंडी न सोसणे हे सोबत असेल तर थायरॉइडची कमतरता. तहान, लघवी व भूक वाढून पोट सुटले असेल तर कुशिंग रोग, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढणे. रक्ततपासणीत केवळ टी-४ हे थायरॉइडचे संप्रेरक पाहून निर्णय घेऊ नये, कारण दुसऱ्या आजाराने किंवा स्टेरॉइडनेही ते कमी येते. सोबत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) आणि मुक्त टी-४ (रक्तातील प्रथिनांना न जोडलेले टी-४) पाहावे. थायरॉइडच्या कमतरतेचे निदान पक्के झाले तर लेव्होथायरॉक्सिनच्या गोळ्या आयुष्यभर द्याव्या लागतात. उत्साह काही आठवड्यांत परत येतो, केसांना मात्र काही महिने लागतात.

प्रश्न : रक्तातून किंवा लाळेतून ॲलर्जी शोधणाऱ्या तपासण्या कराव्यात का? आणि घरात असलेली माणसांची मलमे लावली तर चालतील का?

उत्तर : अन्नाची ॲलर्जी ओळखण्यासाठी रक्ताच्या आणि लाळेच्या तपासण्या विश्वसनीय नाहीत, निरोगी कुत्र्यांतही त्या दोष दाखवतात. वातावरणातील घटकांच्या तपासण्यांचा उपयोग ॲटॉपीचे निदान झाल्यावर इम्युनोथेरपीत काय घालावे हे ठरवण्यापुरता आहे. निदान त्यांच्यावरून करत नाहीत.

मलमांविषयी अधिक काळजी घ्यावी, कारण कुत्रा लावलेले सारे चाटतो. सोरायसिससाठीचे कॅल्सिपोट्रिऑल आणि त्वचेच्या कर्करोगासाठीचे फ्लुरोयुरॅसिल ही मलमे थोड्या प्रमाणात पोटात गेली तरी जीवघेणी ठरू शकतात. झिंक ऑक्साइडनेही उलट्या होतात आणि अधिक प्रमाणात ते विषारी असते. तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमे वरवर आराम देतात, पण नमुन्यात काय दिसायला हवे होते तेच झाकून टाकतात. माणसाचे मलम घरातील कुत्र्याने चाटले असेल तर लक्षणांची वाट न पाहता, मलमाची नळी सोबत घेऊन पशुवैद्यांकडे जावे.